सार्जंटने काढलेला स्टीव्हन्सन : एकाच मित्राची तीन चित्रं

ओसरी

आई गेल्या महिन्यात इकडे आली तेव्हा तिला क्रिस्टल ब्रिजेस म्युझियम दाखवायला नेलं होतं. आम्ही बेंटनव्हिलला राहतो, आर्कान्सामध्ये, वॉलमार्टमुळे आपली मराठी घरंही इथे बरीच आहेत. गावाच्या मानाने म्युझियम फारच मोठं आहे, झाडीत, पाण्याच्या कडेला, २०११ मध्ये सुरू झालं आणि तिकीट नाही, त्यामुळे कोणी पाहुणे आले की पहिली फेरी तिकडेच होते.

आईचे गुडघे दुखतात म्हणून आम्ही बसत बसत जात होतो. मोठमोठी चित्रं तिने "छान आहे हो" म्हणत मागे टाकली आणि एका अगदी लहान चित्रापुढे, साधारण २० बाय २४ इंचांचं असेल, तिथे थांबली ती थांबलीच. मला म्हणाली, ही बाई बघ, हिच्या अंगावर साडी आहे ना? मी बाजूची पाटी वाचली, तर फॅनी स्टीव्हन्सन. खजिन्याच्या बेटाची गोष्ट लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची बायको. चित्र जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराचं, १८८५ सालचं. आई आणखी थोडा वेळ बघून म्हणाली, "साडीच आहे, पण नेसलेली नाही गं, नुसती पांघरलीय."

त्या एका वाक्याने मी जी अडकले ती महिनाभर अडकलेलीच आहे. मिळेल ते वाचलं, दोनदा एकटी जाऊन बघून आले, आणि आता इथे लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही असं झालंय म्हणून हा धागा.

आधी चित्र कसं आहे ते सांगते, कारण फोटोत त्याची गंमत कळत नाही. जेवणघर आहे, भिंती गडद लालसर. मधोमध दार, उघडं, आणि दारापलीकडे अंधारा जिना. बरोबर मध्यभागी, म्हणजे जिथे माणूस असायला हवा तिथे, नुसतं दार! स्टीव्हन्सन डावीकडे आहे आणि तो चालतोय. काळं मखमली जाकीट, काडीसारखे लांब पाय, एक हात मिशीला, आणि चालता चालता मान वळवून आपल्याकडे बघतोय, जणू बोलता बोलता काहीतरी सुचलं आणि आता तो ते आपल्याला सांगणार. आणखी दोन पावलं टाकली तर चित्राबाहेर जाईल. उजव्या टोकाला खुर्चीत फॅनी, सोनेरी चमचमत्या कापडात गुरफटलेली, चौकटीने तिला अर्धवट कापलंय. नवरा-बायकोचं चित्र म्हणावं तर दोघं एकमेकांकडे बघत नाहीत आणि मध्ये एवढं मोठं दार.

स्वतः स्टीव्हन्सनने याच्याबद्दल विल लो नावाच्या चित्रकार मित्राला पत्रात लिहिलंय, त्याचा आशय असा, की चित्र मला तर उत्तम वाटतं पण इतकं विक्षिप्त आहे की प्रदर्शनात ठेवता येणार नाही, मी एका टोकाला, बायको तो रानटी पोशाख घालून भुतासारखी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये उघड्या दारातून आमच्या प्रवेशदालनाचा आणि जिन्याचा थाट. पोशाखाला त्याने इंडियन ड्रेस म्हटलंय, म्हणजे आईची नजर बरोबर होती. तो असंही म्हणतो की रंगवलंय फार सुरेख, सार्जंटचा तो मिश्कील हात आहेच, पण एकूण बघितलं तर भलतंच विचित्र दिसतं.

आता मला ज्याबद्दल बोलायचंय ते. सार्जंटने या मित्राला एकदा नाही तर तीनदा रंगवलं. पहिल्यांदा डिसेंबर १८८४ मध्ये. ते चित्र आता नाही, घरच्यांनीच नष्ट केलं असं मानतात. स्टीव्हन्सनने त्याचंही वर्णन केलंय, काव्यमय पण कोंबडीच्या हाडांचा माणूस अशा अर्थाचं, आणि सार्जंटचंही त्याने समाधान झालं नव्हतं. मग १८८५ चं हे. मग १८८७ मध्ये तिसरं, वेताच्या खुर्चीत बसलेला, हातात सिगारेट, हे बोस्टनच्या चार्ल्स फेअरचाइल्ड नावाच्या बँकरने आपल्या बायकोला भेट द्यायला काढून घेतलं होतं आणि आता ते सिनसिनाटीच्या टॅफ्ट म्युझियममध्ये आहे.

म्हणजे एक फसलं, एक विचित्र झालं आणि एक सगळ्यांना आवडेल असं झालं. आणि मला वाटतं खरा मित्र फक्त मधल्यात सापडतो. ज्याला आपण रोज बघतो, ज्याच्याशी गप्पा मारतो, त्याला समोर "नीट बसा" म्हणून बसवलं की तो निसटतोच. सार्जंटने दुसऱ्या वेळी त्याला बसवायचा नाद सोडला.

तुम्हाला काय वाटतं? कोणी तिसरं चित्र प्रत्यक्ष बघितलंय का?

अनुस्वार

किती सुंदर लिहिलंयस. आईंना माझा नमस्कार सांग, "नेसलेली नाही, पांघरलीय" हे एका वाक्यातलं रसग्रहणच आहे.

मला ते मधलं दार सोडवत नाहीये. सार्जंटने हे १८८५ च्या उन्हाळ्यात रंगवलं ना? आणि त्याच वर्षीच्या पानगळीत, त्याच घरात, स्टीव्हन्सनने डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड ही कादंबरी लिहिली, जानेवारी १८८६ ला पुस्तक आलंसुद्धा. त्याचं पहिलं प्रकरणच एका दाराबद्दल आहे! कॉलेजला आम्हाला ते होतं. आमच्या बाईंनी दोन तास त्या दारावर शिकवलं होतं, समोरून प्रतिष्ठित घर आणि मागून ते रंग उडालेलं दार. आणि इथे माणूस दाराकडे पाठ करून चाललाय आणि मागे अंधार.

पेन्सिलबॉक्स

@अनुस्वार, हे वाचायला छान वाटतं पण मी जरा सावध राहीन. कादंबरी तेव्हा लिहून झालेली नव्हती, सार्जंटला त्या दाराचं काही माहीत असणं शक्य नाही. पण दार कुठून आलं ते बहुतेक सांगता येईल, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं.

मी पोर्ट्रेट करतो, जेजेतून शिकलो, तेवीस वर्षं झाली. सार्जंट पॅरिसला कारोल्यूस-द्युरांच्या स्टुडिओत तयार झाला आणि या गुरूचा एकच जप होता, वेलाझ्केझ (सतराव्या शतकातला स्पॅनिश चित्रकार) बघा, परत बघा. सार्जंट १८७९ मध्ये माद्रिदला जाऊन प्रादो म्युझियममध्ये वेलाझ्केझच्या नकला करत बसला होता, त्यात त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र लास मेनिनाससुद्धा केलं. आता लास मेनिनास डोळ्यापुढे आणा. मागच्या भिंतीत उघडं दार, दारात पायऱ्या, पायरीवर एक माणूस. स्टीव्हन्सनच्या इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या घरी, त्या जेवणघरात सार्जंटला उघडं दार आणि मागे जिना दिसला असेल तेव्हा त्याला काय आठवलं असेल हे सांगायला नको.

आणि आता ऐका, या दोघांची ओळख झाली कशी. स्टीव्हन्सनचा चुलतभाऊ बॉब त्याच कारोल्यूस-द्युरांच्या स्टुडिओत सार्जंटबरोबर शिकत होता. या बॉबनेच पुढे १८९५ मध्ये वेलाझ्केझवर पुस्तक लिहिलं, ते त्या काळात चित्रकारांनी फार वाचलं. म्हणजे चित्रकार, लेखक आणि दोघांना जोडणारा भाऊ, तिघांच्या मध्ये वेलाझ्केझ उभा आहे. मित्राच्या घरात मित्राला रंगवताना सार्जंटने त्या जुन्या स्टुडिओतली आठवण दारात आणून ठेवली असं मी समजतो. बॉबच्या भावाला ती खूण कळणारच.

आणखी एक, कारागिरीचं. सार्जंट ईझल (कॅनव्हासचा स्टँड) मॉडेलच्या शेजारी लावायचा, मागे जायचा, लांबून दोन्ही एकदम बघायचा, ब्रशवर रंग घ्यायचा आणि चालत येऊन एकच फटकारा मारायचा, परत मागे. दिवसभर हीच ये-जा. आम्हालाही असंच शिकवलंय, दहा पावलं मागे जाऊन बघा म्हणून, पण त्याचं चालणं बघणाऱ्यांच्या लक्षात राहिलं होतं इतकं ते होतं. तर त्या जेवणघरात लेखक बोलत येरझाऱ्या घालतोय आणि चित्रकार रंगवत येरझाऱ्या घालतोय. हे चित्र दोघांच्या चालण्यातून झालंय. बसलेल्या माणसाचं चित्र स्थिर नजरेने करता येतं, चालणाऱ्या माणसाचं करायला तो माणूस आधी पाठ असावा लागतो, कारण तुम्ही ब्रश टेकवेपर्यंत तो तिथे नसतो. म्हणून ओसरी म्हणते ते पटलं. हे अनोळखी गिऱ्हाइकाचं होऊच शकलं नसतं.

रानजाई

सगळं खरं पण मला त्या बाईबद्दल बोलायचंय. तुम्ही सगळे "मित्र मित्र" करताय आणि तिला चौकटीने कापलंय त्याचं काय? तोंडसुद्धा धड दिसत नाही फोटोत. नवऱ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, आधीचं लग्न मोडून दोन मुलं घेऊन आलेली, याच्या आजारपणात रात्र रात्र जागणारी. या माणसाला रक्ताच्या गुळण्या व्हायच्या, डॉक्टर बोलायची बंदी करायचे, मग कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बोलायचा. हे सगळं निभावणारी बाई कोपऱ्यात, आणि अंगावर लांबच्या देशातलं कापड, म्हणजे ती जणू खोलीतली एक शोभेची वस्तू. मैत्री चित्रकार आणि लेखकाची होती, हिच्याशी नव्हती, म्हणून हिच्या वाट्याला टोक आलं. मला तरी हे चित्र बघून वाईटच वाटलं.

ओसरी

रानजाई, तुझं वाचून मी पहिले दोन दिवस उत्तरच दिलं नाही, कारण मलाही पहिल्यांदा हेच वाटलं होतं आणि ते सोडून द्यावं की नाही हे ठरत नव्हतं.

फॅनीला स्वतःला हे कळत होतं. आपण या चित्रात सावलीतलं एक शून्य आहोत असं तिनेच म्हटलंय. पण तिला ते चित्र आवडायचं! जंटलमनचं पोर्ट्रेट काय कोणाकडेही असतं, असं मात्र कोणाकडे नाही, हे उघडी दागिन्यांची पेटी असावी तसं आहे, असंही तिचंच म्हणणं. दोन्ही एकाच बाईने म्हटलंय. मला वाटतं दोन्ही खरं असणार. सावलीत बसवलंय हे तिला दिसलं आणि त्या सावलीत सगळ्यात जास्त चमकणारी गोष्ट आपण आहोत हेही दिसलं. प्रत्यक्ष बघताना खरंच तसं होतं. आधी नवरा दिसतो, चालतोय म्हणून. पण मागे सरकलं की डोळा पुन्हा पुन्हा त्या सोनेरी कापडावर जातो, बाकी खोली एवढी काळपट आहे की ते कापड दिवा लावल्यासारखं वाटतं. आईचा डोळासुद्धा आधी तिथेच गेला ना, लेखकाकडे तिने बघितलंही नव्हतं.

आणि ज्या खुर्चीत ती बसलीय तिची गोष्ट माहीत आहे का? स्टीव्हन्सनच्या त्याच पत्रात आहे. खुर्ची त्याच्या आजोबांची, पण काही महिन्यांपासून घरात तिला हेन्री जेम्सची खुर्ची म्हणायला लागले होते, कारण तो कादंबरीकार बोर्नमथला येऊन सारखा तिथेच बसायचा. म्हणजे सार्जंटने फॅनीला बसवलंय ते घरातल्या मानाच्या जागेवर. पाहुण्याची, गप्पांची जागा. सार्जंटचाही जेम्स मित्रच. आपल्याकडे नाही का, अमक्या काकांची खुर्ची म्हणून ठरलेली असते आणि काका नसले की तिथे बसायला मुलांची भांडणं होतात!

साकव

मी गेली सोळा वर्षं इंग्लंडमधल्या पूल या गावी आहे, बोर्नमथच्या शेजारीच, आणि हा धागा बघून फार बरं वाटलं कारण ती जागा माझ्या नेहमीच्या फिरण्यात आहे.

ते घर आता नाही. स्केरीव्होर नाव होतं, स्टीव्हन्सनच्या घराण्यात सगळे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर, काकाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत खडकावर स्केरीव्होरचं दीपगृह बांधलं होतं त्याचं नाव घराला दिलं. घर वडिलांनी सुनेच्या नावाने घेऊन दिलं होतं (रानजाई, हे तुमच्यासाठी, म्हणजे चित्रातली खोली कायद्याने तिचीच होती). १९४० च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्यावर बाँब पडला आणि घर गेलं. आता तिथे छोटी बाग आहे, दीपगृहाची दगडी प्रतिकृती आहे, आणि घराच्या पायाच्या रेषा जमिनीवर आखून ठेवल्यात, म्हणजे कुठे कुठली खोली होती ते चालून बघता येतं.

मी तिथे कितीदा तरी बसलोय, डबा खाल्लाय, पण त्या खोलीचं चित्र आहे हे मला माहीतच नव्हतं. काल ऑफिस सुटल्यावर मुद्दाम गेलो. मोबाइलवर चित्र उघडलं आणि त्या रेषांमध्ये उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता, कोणी नव्हतं. गवतावर चार रेषा आणि हातात ते लाल जेवणघर. घर दोन वर्षं जेमतेम त्यांनी वापरलं, १८८७ च्या मे महिन्यात वडील वारले आणि ऑगस्टमध्ये ही मंडळी अमेरिकेला निघाली ती परत इंग्लंडला आलीच नाहीत. १८९४ च्या डिसेंबरमध्ये स्टीव्हन्सन सामोआ बेटावर वारला, ४४ वर्षांचा. घर बाँबने गेलं, पण सार्जंटने उघडं ठेवलेलं दार अजून तिकडे आर्कान्सात उघडंच आहे. माझं कालपासून यावरच मन आहे, दुसरं काही सुचत नाहीये.

पिंपळपार

तिसऱ्या चित्राची बाजू घ्यायला कोणीच नाही म्हणून मी घेतो, कारण मी ते बघितलंय. टॅफ्ट म्युझियम म्हणजे सिनसिनाटीच्या मध्यवस्तीतलं जुनं घर आहे, प्रेसिडेंट टॅफ्टच्या सावत्र भावाचं, खोल्या घरासारख्याच ठेवल्यात, त्यामुळे चित्र भिंतीवर घरातल्यासारखं दिसतं, तेही लहानच आहे.

ओसरीने त्याला सगळ्यांना आवडेल असं म्हणून बाजूला काढलं, ते मला पटत नाही. मान्य, पैसे देऊन काढून घेतलंय, मान्य, त्यात दार नाही, भूत नाही, विचित्र काही नाही. पण त्या बोटांकडे बघा. सिगारेट धरलेली लांब, बारीक बोटं, इतकी हलकी धरलीय की पडेल असं वाटतं. पायावर पाय टाकलाय, आणि पाय कुठे संपतात असा प्रश्न पडावा इतके लांब. अशक्त माणूस कसा बसतो ते ज्याने जवळून बघितलंय त्याला कळेल, खुर्चीत रुतून बसत नाही, खुर्चीवर ठेवल्यासारखा असतो. माझे मामा शेवटची तीन वर्षं असेच बसायचे. आणि एवढं असून चेहऱ्यावर आजाराची कीव नाही, डोळे म्हणतायत, बोला पुढे. त्याच वर्षी तो देश सोडून गेला. दुसऱ्या चित्रात घर आहे, खोली आहे, बायको आहे, इथे फक्त माणूस उरलाय. मला हेच जास्त भिडलं.

पेन्सिलबॉक्स

पिंपळपार, बोटांचं अगदी बरोबर. सार्जंट हाताला चेहऱ्याइतकाच वेळ देतो.

तरी दुसरं कधी झालं तो काळ बघा. १८८४ च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, सार्जंटच्या मादाम एक्स या बाईच्या पोर्ट्रेटवरून केवढा गदारोळ झाला होता, खांद्यावरून घसरलेल्या पट्ट्यावरून, पुढे त्याने तो पट्टा सरळ करून रंगवला. पॅरिसमधली कामं आटली, वय २९, आणि त्या दोन वर्षांत तो इंग्लंडमध्ये मित्रांच्या घरी राहून रंगवत होता. समोर गिऱ्हाईक नाही, पसंत पडेल का ही धास्ती नाही. चित्रकाराच्या आयुष्यात असे काही महिने फार थोडे येतात. मला आले होते एकदा, हातात काम नव्हतं, भाडं थकलेलं, आणि त्याच चार महिन्यांत मी घरातल्यांची जी स्केचेस केली ती नंतर कधी जमली नाहीत. ऑर्डरच्या कामात आपण मनात आधीच समोरच्याचं "हे नको, ते नको" ऐकत असतो.

अनुस्वार

दाराबद्दल माझं मत मी मागे घेते, लास मेनिनास बघितलं, अंगावर काटा आला.

पण मित्राने मित्राला कसं दाखवावं यावर एक आठवलं. अमेरिकेत उतरल्यावर सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने न्यूयॉर्कला स्टीव्हन्सनचं उठावशिल्प केलं, पदक म्हणतात तसं. तो तेव्हाही अंथरुणावर होता, उशांना टेकून बसलेला, हातात सिगारेट. पुढे एडिनबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये स्मारक म्हणून तेच शिल्प मोठं करून बसवायचं ठरलं तेव्हा सिगारेट काढून हातात लेखणी दिली आणि पलंगाचा कोच केला. चर्चमध्ये पलंग आणि सिगारेट शोभणार नाही म्हणून. बघा ना, मित्राचा स्मारक-पुरुष करताना पहिला बदल हातात होतो. मला ती सिगारेटवालीच आवृत्ती प्रिय आहे.

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी सहसा नुसता वाचतो. मिरजेत एका शाळेत ३१ वर्षं चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. हा धागा तीनदा वाचला.

माझा एक मित्र कवी होता. नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. दोन संग्रह, दोन्ही स्वतःच्या पैशाने छापलेले. आम्ही चाळीस वर्षं रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जायचो, तो बोलायचा आणि मी स्केचबुकात रेघा मारायचो. त्याची माझ्याकडे शे-दीडशे रेखाचित्रं असतील. तो गेल्यावर गावात छोटी शोकसभा झाली, तिथे लावायला मला चित्र मागितलं. मी रात्रभर जागून फोटोवरून एक जलरंगात केलं, समोरून, चष्मा, कोट, अगदी व्यवस्थित. लोकांनी नावाजलं. त्याच्या बायकोने हात जोडले, छान काढलंत भाऊजी म्हणाल्या. निघताना हळूच म्हणाल्या, पण हे असे कधी गप्प बसायचे नाहीत हो.

आठ वर्षं झाली. त्या रागावून नव्हत्या बोलल्या. पण मला त्या दिवशी कळलं की माझ्याकडे दीडशे चालतीबोलती चित्रं असताना मी सभेला फोटो रंगवून नेला. स्केचबुकातलं एक आहे, चप्पल घालायला वाकलाय, एक हात माझ्या खांद्यावर टेकलाय म्हणून चित्राच्या कडेला माझ्या सदऱ्याची बाही आलीय, आणि मान वर करून काहीतरी सांगतोय. तोंड उघडं आहे. रेघा घाईच्या, पाऊल नीट जमलेलं नाही. ते न्यायला हवं होतं, पण शोकसभेत चप्पल घालणारा माणूस कसा लावायचा असं वाटलं. स्टीव्हन्सन म्हणाला ना, प्रदर्शनात ठेवण्यासारखं नाही. बरोबर तेच.

रानजाई

खडूफळा काका, काय लिहू. ते चित्र वहिनींना नेऊन द्या ना. सभेत नाही लागलं तर नाही, घरात लागेल.

साकव

काका, रानजाईला अनुमोदन. आणि बाही कापू नका, बाहीसकट फ्रेम करा.

पेन्सिलबॉक्स

काका, तुम्ही फोटोवरून केलंत त्याचं मनाला लावून घेऊ नका. शोकसभेला तेच मागतात, आम्ही सगळ्यांनी तेच केलंय. बालगंधर्व रंगमंदिरात देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आठवतात का, एक त्यांच्या नेहमीच्या वेषातलं आणि एक स्त्रीभूमिकेतलं? लहानपणी मला कळायचं नाही की एकाच माणसाची दोन कशाला. आता वाटतं, दोनच कशी पुरली! सार्जंटला तीन लागली, तुमच्याकडे दीडशे आहेत.

स्केचबुकाच्या कागदाला आता पिवळटपणा आला असेल तर ॲसिड-फ्री माउंटवर लावा, गोंद नको, वरच्या बाजूला फक्त कागदी बिजागरी. काच आणि कागद एकमेकांना चिकटता कामा नयेत, मध्ये माउंटची जाडी ठेवा. मिरज-सांगलीत फ्रेमवाला नसेल माहितीचा तर व्यक्तिगत निरोप करा, मी सांगतो.

पिंपळपार

जाता जाता सार्जंटच्याच दुसऱ्या लेखक-मित्राचं. ज्याची ती खुर्ची, त्या हेन्री जेम्सला सार्जंटने १९१३ मध्ये रंगवलं, सत्तरीनिमित्त. अडीचशेच्या वर मित्रांनी वर्गणी काढली होती आणि सार्जंटने आपली फी घेतली नाही. ते चित्र दुसऱ्या वर्षी रॉयल अकॅडमीत लावलं असताना बायकांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एका बाईने त्यावर सुऱ्याने वार केले. नंतर ते दुरुस्त केलं, आता लंडनला नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. ते मी नाही बघितलेलं. साकव, तुम्ही जवळ आहात, कधी गेलात तर दुरुस्तीची खूण दिसते का बघून सांगा.

साकव

पुढच्या महिन्यात लंडनला जायचंय, नक्की बघतो.

ओसरी

सगळ्यांचे प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवले. खडूफळा काकांचा वाचताना मलाच थांबावं लागलं.

पिंपळपार, तुमच्या बोटांच्या वर्णनानंतर माझं "सगळ्यांना आवडेल असं" हे मी मागे घेते. न बघता लिहायला नको होतं. सिनसिनाटी इथून गाडीने एका दिवसाचा रस्ता आहे, डिसेंबरच्या सुट्टीत ठरवतोय.

शुक्रवारी संध्याकाळी म्युझियम उशिरापर्यंत उघडं असतं तेव्हा परत गेले होते. यावेळी फक्त लिहिलेली अक्षरं शोधायची म्हणून, कारण वाचलं होतं की चित्रावरच अर्पण आहे. आहे. सार्जंटच्या हाताचं, रंगातच, ब्रशने, "आर. एल. स्टीव्हन्सनला, त्याचा मित्र जॉन एस. सार्जंट, १८८५" या अर्थाचं. पहिल्या तीन वेळा ते माझ्या नजरेतून सुटलं होतं.

आईला व्हिडिओ कॉल लावून गार्डला विचारून लांबून दाखवलं. तिने अक्षरांकडे काही फार लक्ष दिलं नाही, म्हणाली, कॅमेरा जरा उजवीकडे घे, मला त्या साडीचा काठ बघायचाय.